ताप गेला, थकवा राहिला: दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनी ड्युटीवर परतायचा क्रम

ताप उतरला, टेस्ट निगेटिव्ह आली, चार दिवस घरी झोपून काढले आणि सोमवारी मॉर्निंग ड्युटीला हजर. कोविड किंवा फ्लूनंतर दवाखान्यातली बहुतेक माणसं अशीच परततात. पुष्कळांचं काही बिघडत नाही. ज्यांचं बिघडतं त्यांचं साधारण एकाच पद्धतीने बिघडतं: आठवडाभर रेटून काम, मग दोन दिवस अंथरूण, पुन्हा रेटून काम, पुन्हा अंथरूण, आणि दर फेरीला अंगातली ताकद आधीपेक्षा थोडी कमी.

यात औषधाची चूक क्वचित असते. चुकतो तो क्रम. व्यायाम आधी आणि तपासणी नंतर. बी-१२ चं इंजेक्शन आधी आणि बी-१२ ची पातळी नंतर. नाइट आधी आणि विश्रांती उरली तर. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या, मधला एकही गाळू नका.

## सुरुवातीआधी: दोन समज बाजूला ठेवा

"लस घेतली आहे, मला हे होणार नाही." आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ ला पहिली लस आरोग्य कर्मचाऱ्यांनाच मिळाली आणि १० जानेवारी २०२२ पासून प्रिकॉशन डोसही (आधीच्या दोन डोसांनंतरचा जादा डोस). लसीमुळे आजार गंभीर होण्याची आणि लक्षणं रेंगाळण्याची शक्यता कमी होते, शून्य होत नाही. पहिल्या वेळी काहीच न झालेल्याला दुसऱ्या-तिसऱ्या संसर्गानंतरही त्रास रेंगाळू शकतो. आजार घरीच, गोळ्यांवर बरा झाला होता, यावरूनही पुढचं काही ठरत नाही.

"रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणजे काही नाही." कोविडनंतरच्या रेंगाळलेल्या त्रासाला सिद्ध करणारी एकही रक्ततपासणी नाही. तपासण्या करायच्या त्या दुसरा आजार सुटू नये म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कशाने समजावता न येणारी लक्षणं यात मोडतात. पण तीन महिने वाट बघत बसायचं नसतं. चार आठवडे उलटूनही त्रास असेल तर टप्पा १ सुरू करा.

> थांबा, हे असेल तर लेख बाजूला ठेवा. छातीत दुखणं, बसल्या जागी ऑक्सिजन ९४ च्या खाली, खोकल्यातून रक्त, एकाच पायाला सूज आणि दुखणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, एका बाजूची शक्ती जाणं: त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा किंवा १०८ ला फोन करा. जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, चोवीस तास.

## टप्पा १: स्वतःच्या नावाचा केसपेपर काढा

दवाखान्यात काम करणाऱ्याला सगळ्यात वाईट उपचार मिळतात ते दवाखान्यातच. राउंड संपता संपता डॉक्टरांना गाठून "सर, दम लागतोय, काय घेऊ?" असं विचारायचं. लॅबमधल्या मित्राकडे नाव न टाकता रक्त द्यायचं. थकवा वाटला की दुपारी रिकाम्या कॉटवर एक सलाईन आणि बी-कॉम्प्लेक्स लावून घ्यायचं. तीन महिन्यांनी रजा मागताना हातात एकही कागद नसतो, आणि डॉक्टरांनाही आधी काय झालं होतं ते आठवत नाही.

१. ओपीडीच्या वेळेत, रांगेतून, स्वतःच्या नावाने पेपर काढा. सिव्हिल, मिरजेचं शासकीय रुग्णालय, कराडचं मोठं रुग्णालय, कुठलंही चालेल. शक्यतो तुमच्या वॉर्डातले नसलेले फिजिशियन निवडा, म्हणजे संकोच न ठेवता बोलता येईल.

२. पेपरवर चार गोष्टी लिहून घ्या: लक्षणं सुरू झाल्याची तारीख, टेस्टची तारीख आणि प्रकार, लसीच्या डोसांच्या तारखा, आजारात घेतलेली औषधं. स्टिरॉइड घेतलं असेल तर किती दिवस, हे आवर्जून. त्याने साखर वाढते, झोप जाते, स्नायू ढिले पडतात.

३. दर भेटीनंतर पेपरचा फोटो काढून ठेवा.

नेहमीची चूक: वॉर्डातल्या साठ्यातून स्वतःच अॅझिथ्रोमायसिनचा दुसरा कोर्स, स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा झोपेसाठी अल्प्राझोलाम घेणं. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, आणि झोपेच्या गोळीने दुसऱ्या दिवशीची डोक्यातली धुंदी वाढतेच.

## टप्पा २: चौदा दिवसांची वही

शंभर पानी साधी वही घ्या. मोबाईल अॅपपेक्षा ती बरी, कारण डोकं जड असताना स्क्रीनचाही शीण होतो. रोज पाच मिनिटं पुरतात:

- सकाळी उठण्याआधी, पडल्या पडल्या नाडी, पूर्ण एक मिनिट मोजून
- ऑक्सिजन, दोन मिनिटं शांत बसल्यावर
- सर्वांत जास्त त्रास देणारी तीन लक्षणं, प्रत्येकाला ० ते १० गुण
- झोप किती तास, आणि उठल्यावर ताजंतवानं वाटलं का: हो किंवा नाही
- दिवसभरातले कष्ट एका ओळीत: "मॉर्निंग ड्युटी, जिने चार वेळा, घरी पोळ्या"

घरकाम लिहायला विसरू नका. ड्युटी संपवून आलेली सिस्टर घरी आणखी चार तास उभी असते. ते तास धरले नाहीत तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

तपासून पाहा: ऑक्सिमीटरचा आकडा थंड बोटावर, मेंदीवर आणि नेलपॉलिशवर चुकतो. हात चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा मिनिट थांबा. महाबळेश्वर-पाचगणीला उंचीमुळे आकडा एखाद-दोनने कमी दिसू शकतो, म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा स्वतःचा नेहमीचा आकडा माहीत असू द्या. लाल खूण मात्र तीच, ९४.

## टप्पा ३: दुसरं कारण बाजूला काढा

"कोविडनंतरचा थकवा" ही चिठ्ठी एकदा चिकटली की तिच्याखाली बाकीचे आजार लपतात. वही भरत असतानाच डॉक्टरांच्या सल्ल्याने या तपासण्या उरकून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), सीआरपी (अंगातला दाह), टीएसएच (थायरॉइड), उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), यकृताच्या तपासण्या, लघवी आणि ईसीजी. दम किंवा खोकला असेल तर छातीचा एक्स-रे. सरसकट सीटी स्कॅन नको, दर आठवड्याला डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांची तपासणी) तर नकोच.

रक्त देण्याआधीच्या या बारीकसारीक गोष्टी बहुतेकांच्या सुटतात:

बी-१२: इंजेक्शन घेतल्यावर तपासलेली पातळी उपयोगाची नसते. आधी रक्त, मग सुई. शाकाहारी घरात ही कमतरता सर्रास असते आणि तिचा थकवा, मुंग्या, विसराळूपणा हुबेहूब कोविडनंतरच्या त्रासासारखा दिसतो.

बायोटिन: केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांत ते भरपूर असतं. काही लॅब-पद्धतींत त्यामुळे टीएसएच खोटा कमी येतो. दोन-तीन दिवस आधी त्या गोळ्या बंद ठेवा.

फेरिटिन: अंगात दाह असेल तर ते चढतं आणि लोहाची कमतरता झाकतं. म्हणून सीआरपीसोबत वाचायचं. लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटा जास्त येऊ शकतो, तेव्हा उपाशीपोटीची साखरही बघा.

थायरॉइड: विषाणूच्या आजारानंतर थायरॉइडला सूज येऊ शकते. गळ्यात दुखणं, धडधड, घाम आणि वजन उतरणं असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आणि खोकला. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासायचा, कोविड झालेला असला तरी. दवाखान्यात काम करणाऱ्याला क्षयाचा धोका इतरांपेक्षा जास्त, आणि नेमके आपणच रजिस्टरमध्ये नाव यायला नको म्हणून टाळतो. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. ती निगेटिव्ह आल्यावरच गळीत हंगामातला पाचटाचा धूर किंवा सांगलीच्या पेठेतली हळदीची धूळ यांना दोष द्या.

डेंग्यू-चिकुनगुन्याचा हंगाम असेल तर तेही विचारात घ्या. चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी महिनोन्‌महिने राहते आणि तिची वाट वेगळी आहे.

## टप्पा ४: श्रमानंतर कोसळता का, हे ठरवा

सगळ्या लेखातला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. पुढे व्यायाम करायचा की टाळायचा, ते इथे ठरतं.

वही उघडा. ज्या दिवशी त्रासाचे गुण अचानक वाढले, त्या दिवसाच्या आदल्या दोन दिवसांत काय केलं होतं ते बघा. त्या दिवशीच्या कष्टांकडे बघून काही कळणार नाही, कारण हा फटका उशिरा बसतो, साधारण १२ ते ४८ तासांनी, कधी त्याहूनही नंतर. शनिवारी लग्नात उभं राहिलात, रविवारी ठीक होतात, सोमवारी उठवेना. सोमवारच्या ड्युटीला दोष जातो, कारण मात्र शनिवारचं असतं.

स्वतःला विचारा:

१. पूर्वी सहज जमणाऱ्या कामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळीच लक्षणं वाढतात का?

२. रात्रभर झोपूनही ते ओसरत नाही का?

३. नुसतं डोक्याचं काम, म्हणजे रिपोर्ट भरणं, ऑनलाइन एंट्री, लांबलचक मीटिंग, यानेही तसंच होतं का?

४. असं चौदा दिवसांत दोनदा तरी घडलं का?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर "हो" असेल आणि ते वारंवार घडत असेल, तर तुम्ही "कोसळणाऱ्या" गटात आहात असं धरून चाला. खात्री नसेल तरी तसंच धरा आणि आणखी दोन आठवडे वही भरा. चुकून विश्रांती जास्त झाली तर ती नंतर भरून काढता येते. चुकून व्यायाम जास्त झाला तर महिना जातो.

नेहमीची चूक: "अंग मोकळं करायला" पहाटे अजिंक्यतारा किंवा यवतेश्वरचा घाट. साताऱ्यात पळणाऱ्यांची कमी नाही, आणि आजाराआधी घाट सहज चढणारी तंदुरुस्त माणसंच इथे जास्त फसतात, कारण रेटायची सवय अंगवळणी पडलेली असते.

## टप्पा ५: उभं राहून नाडी मोजा

उभं राहिलं की धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, डोकं हलकं, ओट्यापाशी किंवा ड्रेसिंग करताना पाय गळणं: असं होत असेल तर ही चाचणी करा. दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असा दिवस निवडा, कारण चाचणीनेही काहींना थकवा येतो. सोबत एक सहकारी हवाच.

१. सकाळी, चहा-कॉफीआधी. नेहमीच्या रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, फक्त काय चालू आहे ते लिहून ठेवा.

२. दहा मिनिटं सपाट पडून राहा. शेवटी नाडी आणि बीपी दोनदा घ्या.

३. उठून भिंतीला पाठ टेका, टाचा भिंतीपासून सुमारे १५ सें.मी. पुढे. पाय हलवायचे नाहीत, पोटऱ्या आवळायच्या नाहीत, गप्पा नकोत.

४. दहा मिनिटं, दर मिनिटाला नाडी आणि बीपी. कफ त्याच दंडाला, हात हृदयाच्या उंचीवर.

५. भोवळ यायला लागली की लगेच आडवं व्हायचं. दहा मिनिटं पुरी करायचा हट्ट नको.

बीपी फारसं न उतरता नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढली आणि तशीच राहिली, किंवा पहिल्या तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने अथवा खालचं १० ने उतरलं, तर तो कागद घेऊन फिजिशियनकडे जा. रक्त कमी असणं आणि थायरॉइड ही कारणं आधी तपासली गेलेली असतात, कारण टप्पा ३ झालेला आहे. क्रमाचा फायदा हाच.

तोपर्यंत: उठण्याआधी दोन ग्लास पाणी, दिवसाला दोन ते अडीच लिटर. ओपीडीत उभं राहायचंच असेल तर टाचा उचलत राहा. औषधं भरायला, सिरिंज काढायला स्टूल घ्या. जास्त मीठ मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही, बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मुळीच नाही.

दम हा मुख्य त्रास असेल आणि तुम्ही कोसळणाऱ्या गटात *नसाल*, तर डॉक्टरांसमोर एक मिनिट उठबस चाचणी करता येते: हात छातीवर बांधून साध्या खुर्चीवरून जमेल तितक्या वेळा उठायचं-बसायचं, ऑक्सिमीटर लावलेला. आकडा ३ किंवा अधिक अंकांनी उतरला तर फुप्फुसांची पुढची तपासणी हवी. घरी एकट्याने ही करू नका.

## टप्पा ६: आपली वाट धरा

वाट अ: श्रमानंतर कोसळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुनर्वसन पत्रकात पाच पायऱ्या आहेत: श्वासाचे आणि हलके ताण देणारे व्यायाम, मग हळू चालणं, मग भरभर चालणं, मग त्याहून अवघड हालचाली, शेवटी पूर्वीचा व्यायाम. प्रत्येक पायरीवर किमान सात दिवस. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग जास्त आहे. सांगलीकरांना आमराईच्या सपाट फेऱ्या सोयीच्या. साताऱ्यात सपाट रस्ता शोधावाच लागतो, शाहू स्टेडियमचं मैदान बरं. चढ शेवटच्या पायरीआधी नाही.

वाट ब: कोसळता. इथे "रोज थोडं थोडं वाढवत नेऊ" हे चालत नाही. आधी आपली मर्यादा शोधायची आणि तिच्या आत राहायचं.

- वहीतल्या चांगल्या आणि वाईट दिवसांची सरासरी काढा आणि त्याच्या तीन चतुर्थांश कामाने सुरुवात करा. वाईट दिवशीही जमेल तेवढंच.
- मोठं काम तोडा. पंधरा-वीस मिनिटं काम, दहा मिनिटं आडवं पडून विश्रांती. मोबाईल बघत पडणं विश्रांतीत धरू नका.
- सकाळच्या पडल्या नाडीत १५ मिळवा. कामात नाडी त्यावर गेली की थांबायची खूण समजा. हा अंदाजाचा आकडा आहे, पण बऱ्याच जणांना उपयोगी पडतो. नाडी कमी करणारी गोळी चालू असेल तर तो लागू नाही.
- चांगल्या दिवशी राहिलेलं सगळं उरकायचा मोह आवरा. कोसळायला सुरुवात बहुतेकदा चांगल्या दिवशीच होते.

चौदा दिवस एकदाही कोसळला नाहीत, तरच एक गोष्ट वाढवा. एकच.

वास गेला असेल तर गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, प्रत्येकाचा वास १० ते २० सेकंद, दिवसातून दोनदा, किमान बारा आठवडे. वास परत येईपर्यंत घरी गॅसची नळी आणि शेगडी डोळ्यांनी तपासा. वॉर्डात जखमेला येणारा वास तुम्हाला कळणार नाही हे सहकाऱ्याला सांगून ठेवा.

## टप्पा ७: ड्युटीची मांडणी

रजेचा अर्ज तोंडी नको. सरकारी कायम सेवेत वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमते. वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण पगारी करून घेता येते, पण मग एका दिवसाला दोन दिवस वजा होतात. खासगी दवाखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) वर्गणी कापली जात असेल, तर वर्गणीचे दिवस भरलेल्यांना आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतो. कंत्राटी असाल तर करारपत्रातलं रजेचं कलम आधी वाचा.

फिटनेस दाखल्यावर नुसतं "फिट" लिहून घेऊ नका. "चार आठवडे नाइट नाही, सलग उभं राहण्याचं काम नाही, दर दोन तासांनी पंधरा मिनिटं विश्रांती" असं नेमकं लिहून मागा. नेमका कागद हातात असेल तर इनचार्ज सिस्टरलाही रोस्टर लावणं सोपं जातं.

वाढवण्याचा क्रम असा: आधी दिवसाआड अर्धी मॉर्निंग, बसून करायचं काम (रेकॉर्ड, स्टॉक, लसीकरणाच्या याद्या, फोनवरचा पाठपुरावा). मग रोज अर्धी. मग पूर्ण मॉर्निंग. मग ईव्हनिंग. नाइट सगळ्यात शेवटी, तीही सुरुवातीला एकच आणि पुढे दोन दिवस मोकळे ठेवून. प्रत्येक पायरीवर किमान दोन आठवडे. स्टाफ कमी आहे हे खरंच, पण घाईने परतून पुन्हा महिनाभर आडवी झालेली सिस्टर रोस्टरला जास्त महागात पडते.

> रुग्णासाठीची खबरदारी. डोक्यात धुंदी असेल तोवर इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम क्लोराइड आणि लहान मुलांचे डोस एकट्याने काढू नका. डोस लिहून काढा आणि दुसऱ्याकडून मोजून घ्या, दोघांची सही. इंजेक्शन भरताना कोणी हाक मारली तर अर्धवट सिरिंज टाकून द्या आणि पहिल्यापासून सुरू करा.

आशाताईंना रजेचा आधार नाही, म्हणून फेरी मांडावी लागते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या. महिन्याच्या सुरुवातीलाच या तारखा कॅलेंडरवर टाका, त्यांच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हे किंवा मीटिंग ठेवू नका. पाटण-जावळीकडच्या चढावरच्या वस्त्या एका दिवशी दोन नकोत. एक वर, एक खाली. गटप्रवर्तक ताईंना (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) केसपेपरची प्रत देऊन ठेवा.

## परत संसर्ग झाला किंवा अचानक कोसळलात तर

वाढवलेली शेवटची गोष्ट लगेच मागे घ्या. दोन-तीन दिवस पूर्ण विश्रांती. सुधारणा दिसली तर आधीच्या पायरीवर जा आणि तिथे पूर्ण चौदा दिवस काढा. नवा ताप, नवा खोकला असेल तर आधी टेस्ट करा आणि वहीचं नवं पान काढून टप्पा २ पासून सुरू करा. आठवडाभरातही आधीच्या पायरीइतकं सुधारलं नाही, तर तोच केसपेपर आणि तीच वही घेऊन फिजिशियनकडे जा. या वेळी लक्षणांच्या गुणांचं पान सगळ्यात वर ठेवा, दोन मिनिटांच्या ओपीडीत तेवढंच वाचलं जातं.